हिरव्या पाण्यात विष कधी तयार होतं? एका प्रश्नाचा इतिहास



पेट झाली, गाईड मिळाले, की पुढचा टप्पा सिनॉप्सिसचा. पाण्यावर काम करू इच्छिणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक शीर्षक हमखास दिसतं: 'गोड्या पाण्यातील सायनोबॅक्टेरियाच्या विषनिर्मितीवर पर्यावरणीय घटकांचा परिणाम'. वाचायला सरळ वाटतं. तापमान बदलायचं, प्रकाश बदलायचा, नायट्रेट-फॉस्फेट कमी-जास्त करायचं, विष मोजायचं, आलेख काढायचा. झालं काम.

पण हे एक वाक्य म्हणजे खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. ते वेगळे आहेत हे कळायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून जास्त काळ लागला. आजचा लेख त्या प्रवासाबद्दल आहे. इतिहास सांगतोय तो नावं आणि सालं पाठ करण्यासाठी नाही. आपला स्वतःचा प्रश्न कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे ओळखता यावं म्हणून.

आधी थोडी ओळख. सायनोबॅक्टेरिया म्हणजे आपण ज्यांना नील-हरित शैवाल म्हणतो ते. नावात शैवाल असलं तरी हे जीवाणू आहेत. वनस्पतींसारखं प्रकाशसंश्लेषण करतात. पाण्यात पोषकद्रव्यं वाढली, पाणी संथ आणि उबदार झालं, की ते भराभर वाढतात आणि पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय धरतात. तिला ब्लूम म्हणतात. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. सांडपाणी मिसळून हिरवागार झालेला आणि वास मारणारा रंकाळा आपण सगळ्यांनी पाहिलाय. यातल्या काही जाती विष तयार करतात. गोड्या पाण्यात सर्वांत जास्त अभ्यास झालेलं विष म्हणजे मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर घाला घालतं. ते बनवणाऱ्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मायक्रोसिस्टिस.

पहिला टप्पा: तळं विषारी आहे

आधुनिक विज्ञानातली या विषयाची पहिली ठळक नोंद १८७८ ची आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे जॉर्ज फ्रान्सिस यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. मरे नदीच्या मुखाजवळच्या अलेक्झांड्रिना सरोवरावर हिरवी साय आली होती आणि ते पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री, डुकरं मरत होती. ती साय नोड्युलॅरिया या सायनोबॅक्टेरियाची होती.

फ्रान्सिस यांनी दोन गोष्टी केल्या आणि त्या आजही शिकण्यासारख्या आहेत. एक, त्यांनी फक्त ऐकीव माहितीवर विसंबून न राहता ती साय एका मेंढीला पाजून पाहिली. मेंढी मेली. दुसरी गोष्ट, त्यांनी परिस्थिती टिपून ठेवली: उन्हाळा, नदीला पाणी कमी, हवा शांत आणि वाऱ्याने एका काठाला ढकललेली साय. म्हणजे 'पर्यावरणीय परिस्थिती' हा भाग पहिल्या दिवसापासून या कथेत आहे. फक्त तेव्हा प्रश्न एवढाच होता: साय कधी येते आणि कुठे जमते? साय म्हणजेच विष, असं गृहीत धरलेलं होतं.

पुढची साठ-सत्तर वर्षं असंच चाललं. अमेरिकेच्या मिनेसोटात १९३० च्या दशकात जनावरांच्या विषबाधेच्या नोंदी झाल्या. दक्षिण आफ्रिकेत वाल धरणाच्या काठी १९४० च्या दशकात हजारो गुरं-मेंढ्या मेल्या आणि बोट मायक्रोसिस्टिसकडे गेलं. पण एक कोडं सुटत नव्हतं. एकाच तळ्यावर, तशाच दिसणाऱ्या सायीने एका वर्षी जनावरं मरायची आणि दुसऱ्या वर्षी काहीच व्हायचं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वेळा तीच जात दिसायची.

त्याच काळात आपल्याकडे

भारतात या जीवांचा अभ्यास नव्हता असं अजिबात नाही. उलट भरपूर होता, पण वेगळ्या कारणासाठी. १९३९ मध्ये पी. के. डे यांनी भातशेतीत नायट्रोजन स्थिर होण्यात नील-हरित शैवालांचा वाटा दाखवून दिला आणि आपल्याकडे हे जीव 'शेतकऱ्याचे मित्र' म्हणून ओळखले जाऊ लागले. बनारसच्या आर. एन. सिंह यांनी हाच धागा पुढे नेला. भारतीय पाणवठ्यांवरच्या ब्लूमबद्दलही त्यांनी १९५० च्या दशकात लिहिलं. १९५९ मध्ये टी. व्ही. देसिकाचारी यांचा 'सायनोफायटा' हा ग्रंथ आला. आजही प्रयोगशाळेत जात ओळखताना आपण तोच उघडतो.

आपल्या भागाचंच बघा. मुंबईत गोन्साल्विस आणि जोशी यांनी वांद्र्यातल्या एका तळ्यातल्या शैवालांचा ऋतूंनुसार बदलणारा क्रम नोंदवला. ते काम १९४६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. १९६३ मध्ये एन. डी. कामत यांचा कोल्हापूरच्या शैवालांवरचा प्रदीर्घ निबंध 'हायड्रोबायोलॉजिया'त प्रसिद्ध झाला. शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं नोव्हेंबर १९६२ मध्ये. म्हणजे विद्यापीठ जेमतेम उभं राहत होतं, तेव्हा इथल्या पाण्यात कोणकोण राहतं याची यादी जगासमोर मांडली गेली होती.

ही कामं पायाभूत आहेत. पण त्यांचा प्रश्न 'इथे कोण आहे आणि कोणत्या ऋतूत आहे' हा होता. आज जो कोणी रंकाळ्याच्या किंवा कळंब्याच्या पाण्यावर लिहील, त्याला आधी या याद्यांपाशी यावंच लागेल. मात्र यादीवरून विष कळत नाही. का, ते पुढच्या टप्प्यात कळतं.

दुसरा टप्पा: जात तीच, स्ट्रेन वेगळे

कोडं सुटायला सुरुवात झाली कॅनडात, ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये. पॉल गोरहॅम आणि सहकाऱ्यांनी तळ्यातली साय थेट वापरण्याऐवजी तिच्यातून एकेक वसाहत वेगळी काढून प्रयोगशाळेत वाढवली. १९५८ मध्ये त्यांनी दाखवलं, की मायक्रोसिस्टिसच्या शुद्ध कल्चरमध्येही विष तयार होतं. १९५९ मध्ये बिशप, ॲनेट आणि गोरहॅम यांनी ते विष वेगळं काढलं. ते एक चक्राकार पेप्टाइड निघालं. उंदीर लवकर मरत असल्यामुळे त्याला 'फास्ट डेथ फॅक्टर' असं नाव पडलं. मायक्रोसिस्टिन हे नाव नंतर रूढ झालं. दक्षिण आफ्रिकेत बोटेस आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याची रचना उलगडली: सात अमिनो आम्लांची कडी.

पण या कामातून निघालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट रचनेची नव्हती. एकाच जातीचे, अगदी एकाच ब्लूममधून काढलेले काही स्ट्रेन विषारी असतात आणि काही नसतात, ही ती गोष्ट. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात फरक दिसत नाही. भाषेत सांगायचं तर एकाच आडनावाची दोन घरं, पण एका घरात कोयता आहे आणि दुसऱ्यात नाही. बाहेरून दार सारखंच.

इथे पहिला प्रश्न दोन प्रश्नांत फुटला. 'ब्लूम किती मोठा?' हा एक. 'त्यातले विषारी किती?' हा दुसरा.

तिसरा टप्पा: पेशी किती विष बनवते?

शुद्ध कल्चर हातात आल्यावर साहजिकच लोकांनी इन्क्युबेटरचं बटण फिरवायला सुरुवात केली. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत व्हान डर वेस्टहुइझेन आणि एलॉफ यांनी मायक्रोसिस्टिसचा एक स्ट्रेन वेगवेगळ्या तापमानाला वाढवला. वाढ सर्वांत चांगली झाली सुमारे ३२ अंश सेल्सिअसला. विषारीपणा मात्र सर्वाधिक होता २० अंशाला आणि २८ च्या वर तो बराच कमी झाला. म्हणजे ज्या तापमानाला पेशी सर्वांत खूश, त्या तापमानाला ती सर्वांत विषारी नव्हती.

१९९० मध्ये फिनलंडच्या कारिना सिवोनेन यांनी ऑसिलेटोरिया या दुसऱ्या प्रजातीवर काम केलं. तिथे कमी प्रकाशात विष जास्त आलं आणि नायट्रोजन भरपूर असतानाही जास्त आलं. इतर गटांच्या मायक्रोसिस्टिसवरच्या प्रयोगांत प्रकाशाचा परिणाम वेगळाच दिसत होता. पेपरांचा ढीग वाढत गेला आणि एकमत काही होईना. कोणी म्हणे प्रकाशाने विष वाढतं, कोणी म्हणे घटतं.

या गोंधळाचं एक मोठं कारण साधं होतं, आणि तुमच्या सिनॉप्सिससाठी ते सर्वांत कामाचं आहे. प्रत्येकजण 'विष' मोजत होता, पण कशाच्या प्रमाणात? कोणी प्रति लिटर, कोणी प्रति ग्रॅम कोरडं वजन, कोणी प्रति पेशी, कोणी प्रति क्लोरोफिल. भाजक बदलला की उत्तर बदलतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन फ्लास्क आहेत. पहिला २० अंशाला ठेवला. त्यात १० लाख पेशी आणि १०० एकक विष मिळालं. दुसरा ३० अंशाला ठेवला. त्यात ४० लाख पेशी आणि २०० एकक विष मिळालं. आता सांगा, तापमान वाढल्यावर विष वाढलं की घटलं?

फ्लास्कचा विचार केला तर दुप्पट झालं. पेशीचा विचार केला तर निम्मं झालं: आधी दर लाख पेशींमागे १० एकक, आता ५. दोन्ही विधानं खरी आहेत. पाणी पिणाऱ्या म्हशीच्या दृष्टीने पहिलं महत्त्वाचं आहे. पेशीच्या आत काय चाललंय हे समजून घ्यायचं असेल तर दुसरं. वाद निसर्गात नव्हता, कोष्टकाच्या मथळ्यात होता.

वेगाचा धागा

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ऑर आणि गॅरी जोन्स यांनी या गुंत्यात एक नेटका विचार आणला. त्यांनी विचारलं, की आपण सारखं 'किती विष आहे' हे का मोजतोय? 'विष कोणत्या वेगाने बनतंय' हे का मोजत नाही? पेशी विभागत असते, तिचं विष दोन लेकींत वाटलं जातं आणि नवं बनतही असतं. त्यांनी नायट्रोजन मर्यादित ठेवून मायक्रोसिस्टिस वाढवला आणि दोन्ही वेग मोजले. मायक्रोसिस्टिन बनण्याचा वेग हा पेशी विभाजनाच्या वेगाशी सरळ रेषेत जोडलेला निघाला.

याचा अर्थ असा, की तापमान, प्रकाश, नायट्रोजन यांपैकी बरेच घटक विषाला थेट हात लावत नाहीत. ते वाढीचा वेग बदलतात आणि विष त्या वेगामागून चालतं. जात्यात दाणे किती वेगाने पडतात त्यावर पीठ किती पडणार हे ठरतं, तसं. ही कल्पना पचायला जड गेली, कारण तिने कित्येक जुन्या आलेखांचा अर्थच बदलून टाकला. सगळ्या परिस्थितींत ती जशीच्या तशी लागू पडते असं नाही. नंतरच्या कामांनी अपवादही दाखवले. पण तेव्हापासून वाढीचा वेग न मोजता फक्त विषाचा आकडा दिला, तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.

हे सगळं कशासाठी?

इथे थोडं थांबून प्रयोगशाळेच्या बाहेर बघू. नाहीतर हा नुसता आकड्यांचा खेळ वाटेल.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १४८ लोक आजारी पडले. त्यात बहुतेक मुलं होती. पिण्याच्या पाण्याच्या धरणात ब्लूम आला होता आणि तो मारण्यासाठी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट टाकलं होतं. शैवाल मेलं, पेशी फुटल्या आणि आतलं विष पाण्यात उतरलं. ते विष मायक्रोसिस्टिन नव्हतं. नंतर त्याला सिलिंड्रोस्पर्मोप्सिन हे नाव मिळालं. पण धडा सगळ्यांना लागू आहे: जिवंत पेशीत विष बहुतांशी आत असतं. पाणी नितळ झालं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही. घाईने मारलेला ब्लूम जिवंत ब्लूमपेक्षा धोकादायक ठरू शकतो.

फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्रातल्या १३१ पैकी ११६ रुग्णांना त्रास सुरू झाला. शंभर जणांचं यकृत निकामी झालं आणि त्यातले पन्नासहून अधिक दगावले. दुष्काळाचे दिवस होते. जलाशयातलं पाणी पुरेसं शुद्ध न होता टँकरने आलं होतं आणि त्यात सायनोबॅक्टेरियाचं विष होतं. डायलिसिसमध्ये पाण्याचा थेट रक्ताशी संबंध येतो, म्हणून एवढा अनर्थ झाला. त्यानंतर १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर साठी १ मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही तात्पुरती मार्गदर्शक मर्यादा सांगितली. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ही मर्यादा ओलांडली गेली आणि सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण मायक्रोसिस्टिन उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटून ते आणखी दाट होतं.

म्हणून 'विष कधी वाढतं' हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. पाणीपुरवठा अधिकाऱ्याला कोणत्या आठवड्यात नमुना घ्यायचा हे त्यावरून ठरवायचं असतं.

चौथा टप्पा: जनुक हातात येतं

१९९७ मध्ये बर्लिनच्या एल्के डिटमान आणि सहकाऱ्यांनी मायक्रोसिस्टिसच्या पीसीसी ७८०६ या स्ट्रेनमधलं एक जनुक बंद पाडलं. विष बनणं थांबलं, पेशी मात्र प्रयोगशाळेत नीट वाढत राहिली. २००० मध्ये टिलेट आणि सहकाऱ्यांनी मायक्रोसिस्टिन बनवणारा अख्खा जनुकसमूह वाचून काढला: एकूण १० जनुकं, सुमारे ५५ हजार बेस जोड्यांची लांबी. कोयता कोणत्या घरात आहे हे आता दार न उघडता कळणार होतं. तळ्यातल्या पाण्यातून डीएनए काढा, पीसीआर लावा, विषारी स्ट्रेनचा वाटा मिळतो.

त्याच वर्षी केबर्निक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रकाशाची तीव्रता आणि रंग बदलला की या जनुकांचं वाचन बदलतं. लाल प्रकाशात वाढतं, निळ्यात घटतं. म्हणजे ऑर आणि जोन्स यांच्या वेगाच्या नियमाबरोबरच प्रकाशाचा थेट हातही आहे.

मग पेशी एवढा खर्च का करते? हे विष जनावरं मारण्यासाठी नाही, एवढं नक्की. २००४ मध्ये फिनलंडच्या गटाने वंशवृक्ष मांडून दाखवलं, की ही जनुकं प्राण्यांच्याही आधीची आहेत. २०११ मध्ये झिलिगेस आणि सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा दिला: कडक प्रकाशाच्या ताणात मायक्रोसिस्टिन पेशीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि त्या ताणात टिकून राहायला मदत करतं.

यात एक व्यावहारिक इशारा आहे. प्रथिनांना घट्ट चिकटलेलं विष नेहमीच्या निष्कर्षण पद्धतीत सापडत नाही. तेव्हा तीव्र प्रकाशात विष 'कमी झालं' असं दिसलं, तर ते खरंच कमी बनलं की नुसतं लपलं, हे तपासावं लागतं.

नायट्रोजन की फॉस्फरस?

फॉस्फरसची गोष्ट १९७३ पासूनची. डेव्हिड शिंडलर यांनी कॅनडातलं २२६ क्रमांकाचं तळं पडद्याने दोन भागांत विभागलं. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस फक्त एकीकडे. फॉस्फरसची बाजू हिरवी झाली. पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे ब्लूम किती मोठा याचं, हे फार ठसठशीत उत्तर होतं.

पण विषाचा हिशेब वेगळा आहे. मायक्रोसिस्टिन-एलआर च्या एका रेणूत नायट्रोजनचे १० अणू असतात, आरआर प्रकारात १३. फॉस्फरस एकही नाही. मायक्रोसिस्टिस हवेतला नायट्रोजन स्थिर करू शकत नाही, तो पाण्यातूनच घ्यावा लागतो. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या व्हान डे वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नायट्रोजन मुबलक झाल्यावर नायट्रोजनने समृद्ध असलेला आरआर प्रकार वाढतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी तळ्याचं पाणी ४ अंशांनी गरम करून पाहिलं. बहुतेक प्रयोगांत विषारी मायक्रोसिस्टिसची वाढ बिनविषारीपेक्षा जास्त झाली.

आता १९८५ चा प्रयोग आठवा. तिथे तापमान वाढल्यावर विषारीपणा घटला होता. इथे तापमान वाढल्यावर विषारी पेशींचा वाटा वाढला. विरोधाभास? नाही. एक तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, दुसरं दुसऱ्याचं.

महाराष्ट्रात हा प्रश्न कधी आला?

भारतात विषाचा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जोमाने पुढे आला. जबलपूरच्या गटाने २००६ मध्ये मध्य भारतातल्या ब्लूममध्ये मायक्रोसिस्टिन असल्याचं नोंदवलं. आपल्या राज्यात नागपूरच्या नीरीने पुढाकार घेतला. तिथल्या संशोधकांनी २००६ मध्ये मायक्रोसिस्टिन मोजण्याच्या पद्धतींचा आढावा छापला, २००९ मध्ये मध्य भारतातल्या ब्लूममधून विष बनवणारा मायक्रोसिस्टिस वेगळा काढला आणि २०१० मध्ये नागपूरच्या तलावांतल्या सायनोबॅक्टेरिया आणि त्यांच्या विषांचे काळानुसार होणारे बदल मांडले. क्रम बघा: आधी मोजमापाची पद्धत, मग स्ट्रेन, मग ऋतू. हा क्रम सिनॉप्सिसमध्ये उतरवण्यासारखा आहे.

मग रंकाळ्याला काय विचारायचं?

रंकाळा राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत होता, आपल्याच जिल्ह्यातल्या वडगावचा महालक्ष्मी तलावही होता. सांडपाणी अडवणं, गाळ काढणं, जलपर्णी काढणं या गोष्टी पहिल्या प्रश्नावर काम करतात: ब्लूम कमी व्हावा. ते आवश्यकच आहे, कारण पेशीच नसतील तर विष कुठून येणार? पण 'पाणी आज किती विषारी आहे' याचं उत्तर रंगावरून देता येत नाही. फिकट हिरव्या पाण्यात विषारी स्ट्रेनचा वाटा मोठा असू शकतो आणि गर्द हिरव्या सायीत नगण्य.

शिवाय आपलं हवामान वेगळं आहे. वर उल्लेख केलेले कित्येक अभ्यास अशा देशांतले आहेत, जिथे हिवाळ्यात तळी गोठतात आणि ब्लूम म्हणजे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने. त्यांच्याकडे तापमान हा वर्षाचा मोठा सूत्रधार. कोल्हापुरात पाणी कधीच गोठत नाही. इथला सूत्रधार पाऊस आहे. जून ते सप्टेंबर पाणी येतं, ढवळतं, पातळ होतं आणि काठावरचं सगळं आत वाहून आणतं. मग आवक थांबते, पाणी संथ होतं, उन्हाळ्यात आटत जातं. म्हणजे तापमान, प्रकाश, पोषकद्रव्यं आणि पाणी थांबून राहण्याचा काळ हे सगळं एकदम बदलतं. तळ्यातले बारा महिन्यांचे नमुने घेऊन 'तापमानामुळे विष वाढलं' असं लिहिलं, तर परीक्षक विचारतील: तापमानामुळे कशावरून? त्याच महिन्यात पाणीही आटलं होतं ना? म्हणून तळ्यातल्या नोंदींना फ्लास्कमधल्या प्रयोगाची जोड हवी आणि फ्लास्कमधला स्ट्रेन इथल्याच पाण्यातून काढलेला हवा. परदेशी कल्चर कलेक्शनमधला स्ट्रेन आपल्या तळ्याची साक्ष देऊ शकत नाही.

तेव्हा शीर्षक लिहिण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा:

१. ब्लूम किती? म्हणजे पेशींची संख्या किंवा क्लोरोफिल.

२. त्यातले विषारी किती? म्हणजे विषाचं जनुक असलेल्या पेशींचा वाटा.

३. प्रत्येक विषारी पेशी किती विष बनवते, आणि ते पेशीत आहे की पाण्यात उतरलंय?

तुमची सिनॉप्सिस यातल्या कोणत्या ओळीवर आहे ते ठरवा. तिन्ही ओळी एका पीएचडीत बसतीलच असं नाही, आणि बसवायलाही हव्यात असं नाही. एका ओळीचं नीट उत्तर मिळालं तरी ते पुढच्याला वापरता येतं. मात्र निकालाच्या प्रत्येक आकड्याखाली 'प्रति काय' हे लिहायला विसरू नका.

फ्रान्सिस यांच्याकडे पीसीआर नव्हता, एलायझा नव्हती. तरी त्यांचं टिपण आजही वाचलं जातं, कारण पाणी किती होतं, वारा कुठून होता, साय कुठे जमली आणि मेंढीला काय पाजलं हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. आपल्या वहीतही निदान तेवढं असायला हवं.

पुढच्या लेखात मायक्रोसिस्टिन मोजायच्या दोन पद्धती, एलायझा आणि एचपीएलसी, कोणती कधी वापरायची ते बघू. तोवर तुमच्या गावच्या तळ्याबद्दल तुम्ही वरच्या तीन ओळी कशा लिहाल, ते खाली जरूर कळवा.